वजनाचा हिशेब मांडणारा शर्यतपटू : मार्क डोनोह्यू



चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संत येतात, समाजसुधारक येतात, स्वातंत्र्यसैनिक नाहीतर शास्त्रज्ञ येतात. या अंकात मी एका मोटार-शर्यतपटूविषयी लिहीत आहे. शाळेच्या पत्रिकेत मोटारींच्या शर्यती कशाला, असे काही ज्येष्ठांच्या मनात येईल. त्यांनी थोडा धीर धरावा. मार्क डोनोह्यू हे शर्यतपटू तर होतेच, पण त्याआधी ते इंजिनिअर होते. नववी ते अकरावीच्या भौतिकशास्त्रात आपण वस्तुमान, गुरुत्वमध्य आणि घर्षण शिकतो, ते सगळे त्यांनी लोखंड आणि रबरात करून दाखवले. शिवाय त्यांच्या आयुष्यात एक प्रसंग असा आहे की त्याचे कौतुक करावे की निषेध, हे ठरवताना माणूस अडखळतो. तो प्रसंग मुलांपासून झाकून ठेवावा असे मला वाटत नाही.

डोनोह्यू यांचा जन्म १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. ब्राउन विद्यापीठातून १९५९ मध्ये त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. कॉलेजच्या शेवटच्या काळातच त्यांना गाडीचा नाद लागला होता. १९५७ सालची एक कॉर्व्हेट गाडी त्यांच्याजवळ होती. ती घेऊन ते न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका डोंगर-चढणीच्या स्पर्धेत उतरले आणि पहिल्याच वेळी जिंकले. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, एल्वा कूरिअर नावाच्या छोट्या, हलक्या इंग्लिश गाडीत त्यांनी हौशी चालकांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तेव्हा ते काही नावाजलेले चालक नव्हते. दिवसा नोकरी आणि सुटीच्या दिवशी शर्यत, असा त्यांचा क्रम होता.

त्यांना हात धरून पुढे आणले ते वॉल्ट हान्सगेन या ज्येष्ठ चालकाने. हान्सगेन वयाने बरेच मोठे, अनुभवी आणि नावाजलेले. नवख्या मुलाची कुवत त्यांनी ओळखली आणि आपल्या जोडीला गाडी चालवायला घेतले. १९६६ च्या सुरुवातीला दोघांनी मिळून फोर्डच्या गाडीत डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिसरा आणि सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, एप्रिलमध्ये, फ्रान्समधील ल मान्स येथे सराव करताना हान्सगेन यांना अपघात झाला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीला रॉजर पेन्स्की नावाचे एक गृहस्थ आले होते. तेही १९३७ सालचेच, डोनोह्यूंपेक्षा महिन्याभराने मोठे. स्वतः उत्तम चालक असूनही त्यांनी शर्यत सोडून गाड्यांच्या विक्रीचा धंदा धरला होता आणि आता स्वतःचा संघ उभारायचा त्यांचा विचार होता. त्यांनी डोनोह्यूंना आपल्याकडे बोलावले. एका मृत्यूच्या सावलीत सुरू झालेली ही जोडी पुढे नऊ वर्षे टिकली.

आता त्या काळच्या गाड्यांविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही.

१९६० च्या दशकात अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होते, रस्ते रुंद आणि सरळ होते आणि तरुणांच्या हातात पैसा खेळू लागला होता. तेव्हा तिकडच्या कारखान्यांनी मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरचे अवाढव्य इंजिन बसवून विकायला सुरुवात केली. या गाड्यांना मसल कार असे नाव पडले. आपण त्यांना पैलवान गाड्या म्हणू. फोर्डने १९६४ मध्ये मस्टँग आणली, तिला उत्तर म्हणून जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने १९६६ च्या शरदात कॅमेरो बाजारात उतरवली. जाणकार लोक या दोघींना आकाराने लहान म्हणून वेगळ्या नावाने ओळखतात, पण लोकांच्या तोंडी त्या मसल कारच.

पैलवान म्हटला की ताकद आली आणि वजनही आले. या गाड्यांचे इंजिन बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. ते पुढच्या भागात बसवलेले असल्यामुळे गाडीचे नाक जड. सरळ रस्त्यावर त्या सुसाट पळत, पण वळण आले की नाक सरळच जाऊ पाही, आणि थांबवायचे म्हटले तर ब्रेक तापून लाल होत. अशा गाड्यांसाठी १९६६ पासून अमेरिकेत ट्रान्स-अ‍ॅम नावाची शर्यतींची मालिका सुरू झाली. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था ती भरवीत असे. नियम दोन महत्त्वाचे होते : इंजिन पाच लिटरपेक्षा मोठे नको, आणि गाडीचे वजन २८०० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १२७० किलोंपेक्षा, कमी नको. पहिल्या नियमात बसण्यासाठी शेव्हरोलेच्या इंजिनिअरांनी एका इंजिनाच्या मोठ्या व्यासाच्या सिलिंडरमध्ये दुसऱ्या इंजिनाचा आखूड धावेचा क्रँक बसवून ३०२ घन इंचांचे नवेच इंजिन जमवले. त्या गाडीचे नाव झेड-२८. पहिल्या वर्षी अशा फक्त ६०२ गाड्या विकल्या गेल्या.

पेन्स्की आणि डोनोह्यू यांनी १९६७ च्या हंगामात हीच गाडी निवडली. पहिले काही महिने ती त्यांच्या हातात येत नव्हती. पण डोनोह्यू नशिबाला दोष देत बसणारे नव्हते. त्यांची पद्धत अगदी प्रयोगशाळेतली होती. मोठ्या मोकळ्या डांबरी पटांगणावर एक वर्तुळ आखायचे आणि गाडी त्यावरून गोल-गोल, टायर सुटेल इतक्या वेगाने चालवायची. एक स्प्रिंग बदलायची, पुन्हा फेऱ्या. एक दांडा जाड करायचा, पुन्हा फेऱ्या. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची नोंद वहीत. बाकीचे चालक गाडी कशी वाटते ते सांगत. डोनोह्यू वेळ सांगत, अंतर सांगत आणि कारण सांगत. विज्ञान-प्रदर्शनीसाठी एकाच दिवशी चार गोष्टी बदलून मग प्रयोग का फसला म्हणून विचारणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगतो आहे.

या तपासातून एक गोष्ट स्पष्ट झाली. इंजिनाची ताकद आणखी थोडी वाढवणे महाग आणि कठीण होते. वजन कमी केले तर मात्र चारही बाजूंनी फायदा होता. तीच ताकद लहान वस्तुमानाला जास्त त्वरण देते, हा न्यूटनचा दुसरा नियम. थांबवायला कमी ऊर्जा लागते, म्हणून ब्रेक कमी तापतात. वळणावर टायरवर ताण कमी पडतो, म्हणून ते जास्त वेळ टिकतात. आणि पेट्रोलही थोडे कमी लागते.

पण वजन काढायचे कोठून? मागची सीट, गालिचे, आवाज दाबणारा लगदा हे तर सगळेच काढत. राहिला तो पत्रा, आणि नियमाप्रमाणे पत्रा कारखान्याचाच हवा. येथे त्यांनी अ‍ॅसिडचा उपाय वापरला. गाडीचा सांगाडा आणि पत्रे अ‍ॅसिडच्या मोठ्या हौदात बुडवायचे. अ‍ॅसिड लोखंडाला दोन्ही बाजूंनी सारखे खात जाते. आकार तोच राहतो, जोड तेच राहतात, फक्त पत्रा पातळ होतो. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही.

याचा हिशेब तुम्ही वहीत करू शकता. लोखंडी पत्र्याची घनता घनमीटरला सुमारे ७८५० किलो. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या, एक चौरस मीटर पत्र्याचे वजन ७.८५ किलो. त्यातून ०.२ मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीइतके, अ‍ॅसिडने खाल्ले की चौरस मीटरमागे दीड किलोपेक्षा थोडे जास्त वजन जाते. समजा असा पंधरा चौरस मीटर पत्रा आहे, तर तेवीस-चोवीस किलो गेले, आणि तेही कोठे भोक न पाडता. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. पत्रा इतका नाजूक होतो की नुसते टेकले तरी पोचा पडावा. जोडांच्या फटीत अ‍ॅसिड राहिले तर आतून गंज लागतो. आणि गाडी उलटली तर चालकाला वाचवायला तो पत्रा पुरेसा नसतो. त्यासाठी आत नळ्यांचा पिंजरा उभारावा लागतो. तो पिंजरा पुन्हा वजन वाढवतो, पण गाडीला ताठपणाही देतो.

अशी तयार झालेली १९६७ सालची त्यांची गाडी ठरलेल्या वजनापेक्षा सुमारे २५० पौंडांनी, म्हणजे ११३ किलोंनी हलकी होती. दीड पोते गहू गाडीतून उतरवल्यासारखेच झाले! त्या हंगामात डोनोह्यूंनी बारापैकी तीन शर्यती जिंकल्या, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन अगदी हंगामाच्या अखेरीस. इतरांना इतक्या सहज मागे टाकणारी गाडी पाहून पंचांना संशय आला आणि त्यांनी ती काट्यावर चढवली. चोरी पकडली गेली. विजय रद्द व्हायचा, पण पेन्स्की मध्ये पडले. असे केले तर शेव्हरोले या मालिकेतून आपला हात काढून घेईल, याची त्यांनी पंचांना जाणीव करून दिली. पंचांनी विचार केला आणि विजय तसाच राहू दिला. मात्र पुढच्या वर्षापासून प्रत्येक गाडीचे वजन शर्यतीआधी होईल, असा नियम केला.

इंदूरच्या लोहामंडीत ट्रक तोलायच्या काट्याला धर्मकाटा म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. काटा आणि धर्म एकाच शब्दात. तिकडच्या पंचांकडे काटा होता, पण त्या दिवशी धर्म मालकाच्या वजनापुढे झुकला, असे मला स्पष्टच वाटते.

यानंतर संघ सुधारला असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे लगेच झाले नाही. मार्च १९६८ मध्ये सेब्रिंगची बारा तासांची शर्यत होती. संघाजवळ दोन कॅमेरो होत्या : एक नवी, नियमात बसणारी, आणि एक तीच जुनी, हलकी. दोन्ही अगदी एकसारख्या गडद निळ्या रंगात रंगवल्या गेल्या. नवी गाडी १५ क्रमांक लावून तपासणीत गेली, पास झाली. बाहेर आणून तिचा क्रमांक बदलून १६ केला आणि तीच गाडी पुन्हा तपासणीत नेली. पुन्हा पास! शर्यतीत मात्र दोन्ही गाड्या उतरल्या. मोठमोठ्या खास शर्यतीच्या गाड्यांच्या गर्दीत या दोन कॅमेरो एकूण तिसऱ्या आणि चौथ्या आल्या, आणि आपल्या गटात पहिल्या-दुसऱ्या. पहिली आली ती हलकी गाडी.

हे वाचताना हसू येते, हे मी नाकारत नाही. वर्गातही असा एखादा हुशार खोडकर असतो, जो एकच प्रयोगवही दोन मुलांच्या नावाने तपासून घेतो. त्याची युक्ती पाहून शिक्षकालाही आतून हसू येते. पण मागे चौथ्या-पाचव्या जागेवर जो संघ प्रामाणिकपणे १२७० किलोंची गाडी हाकत होता, त्याच्या बाजूने पाहिले की हसू थांबते. मी तरी या प्रसंगाला फसवणूकच म्हणतो. दुसरा शब्द मला सापडत नाही.

आणि तरीही त्याच वर्षी डोनोह्यूंनी जे केले ते पाहून मान तुकवावी लागते. आता काटा चुकवणे शक्य नव्हते. प्रत्येक गाडी १२७० किलो भरायलाच हवी. मग पत्रा पातळ करून काय उपयोग? बहुतेक लोक येथेच थांबले असते. डोनोह्यूंनी नियम पुन्हा वाचला. वजन किती असावे हे त्यात लिहिले होते; ते गाडीत कोठे असावे हे लिहिले नव्हते. म्हणून त्यांनी निवडक भागांचे पत्रे पातळ करणे चालूच ठेवले, आणि जेवढे वजन कमी झाले तेवढे शिसे, जेथे हवे तेथे, गाडीत बसवले. काट्यावर गाडी बरोबर भरे.

अकरावीच्या मुलांनी येथे जरा लक्ष द्यावे. समजा गाडीचे वजन १२७० किलो आहे, चाकांमधली आडवी रुंदी दीड मीटर आहे. जमिनीपासून १.२ मीटर उंचीवरचे ५० किलो काढून ते ०.२ मीटर उंचीवर ठेवले. एकूण वजन तेवढेच. पण गुरुत्वमध्य जवळजवळ चार सेंटिमीटर खाली आला. आता गाडी जोरात वळली, इतकी की बाहेर ढकलणारे बल तिच्या वजनाएवढे झाले, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार पूर्वीपेक्षा तेहतीस किलोंनी कमी होतो. चारही टायर काम वाटून घेतात. एकट्या बाहेरच्या दोघांना सगळा बोजा उचलावा लागत नाही. एका वळणावर सेकंदाचा दहावा भाग जरी वाचला, तरी दहा वळणांच्या वाटेवर प्रत्येक फेरीत एक सेकंद मिळतो, आणि फेऱ्या शंभर असतील तर दीड मिनिटापेक्षा जास्त. हे सगळे वजन तेच ठेवून!

संघाच्या कॅमेरोच्या छपरावर काळे विनाइलचे आवरण होते. अ‍ॅसिडने छपराचा पत्रा इतका पातळ झाला होता की त्याला सुरकुत्या पडल्या, आणि त्या झाकायला हे आवरण चढवले, असे जुने लोक सांगतात. तसे आवरण दुकानातल्या गाडीवरही मिळत असल्यामुळे नियमाचा काही प्रश्न नव्हता.

१९६८ च्या हंगामात तेरा शर्यती झाल्या. डोनोह्यूंनी त्यांतल्या दहा जिंकल्या, त्याही सलग आठ! १९६९ मध्येही विजेतेपद कॅमेरोकडेच राहिले. पेन्स्कींचा संघ तोपर्यंत टापटिपीसाठी प्रसिद्ध झाला होता. इतरांच्या गॅरेजमध्ये तेलाचे ओघळ असत, तर यांच्या गॅरेजची फरशी चकचकीत पुसलेली. पेट्रोल लवकर भरावे म्हणून त्यांनी टाकी उंच मनोऱ्यावर नेली. उंची वाढली की पाण्यासारखाच पेट्रोलचाही दाब वाढतो, हे आठवीतले विज्ञान. मग मनोऱ्याच्या उंचीवरही नियम आला. ब्रेकचे पॅड बदलताना वेळ जाऊ नये म्हणून निर्वात दाबाने ते मागे ओढण्याची सोय त्यांनी केली.

१९७० मध्ये संघाने शेव्हरोले सोडून अमेरिकन मोटर्सची जॅव्हेलिन गाडी घेतली. ही कंपनी लहान होती, गाडीही फारशी नावाजलेली नव्हती. तिच्या मागच्या टोकाला बदकाच्या शेपटीसारखी उचललेली पट्टी हवी, म्हणजे वेगात हवा मागची चाके जमिनीवर दाबून धरील, असे डोनोह्यूंचे मत पडले. पण अशी पट्टी शर्यतीत लावायची तर ती दुकानात विकायच्या गाड्यांवरही हवी, असा नियम होता. या वेळी क्रमांक बदलण्याची युक्ती कोणी केली नाही. कंपनीने त्या पट्टीच्या सुमारे अडीच हजार गाड्या बनवून, पट्टीवर डोनोह्यूंची सही छापून, त्या खुलेआम विकल्या. १९७१ मध्ये डोनोह्यूंनी त्या मालिकेतल्या सात शर्यती जिंकून या लहान कंपनीला विजेतेपद मिळवून दिले. मला त्यांच्या सगळ्या यशांत हे जास्त आवडते. नियमाच्या आत राहूनही तीच बुद्धी चालते, हे यातून दिसले.

बाकीची यशे थोडक्यात सांगतो, कारण ती कोणत्याही खेळाच्या पुस्तकात सापडतील. १९६९ मध्ये चक पार्सन्स यांच्या जोडीने डेटोनाचे चोवीस तास. १९७२ मध्ये इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत, ताशी सरासरी १६२.९६२ मैल, म्हणजे २६२ किलोमीटर. हा विक्रम पुढे बारा वर्षे टिकला. गंमत अशी की दोनशे फेऱ्यांपैकी फक्त तेरा फेऱ्या ते सर्वांच्या पुढे होते, पण त्या शेवटच्या तेरा होत्या. जानेवारी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे त्यांनी मॅटाडोर नावाच्या अगदी धिप्पाड, विटेसारख्या चौकोनी गाडीत शर्यत जिंकली. तेथे वजन काढण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी चारही चाकांना डिस्क ब्रेक लावले. जड गाडी पळते सगळ्यांचीच, लवकर थांबवता आली तर वळणावर उशिरा ब्रेक मारता येतो, एवढे साधे गणित.

पोर्शे या जर्मन कंपनीबरोबर त्यांनी केलेले काम मात्र वेगळ्याच उंचीचे होते. ९१७ जातीच्या गाडीला टर्बो बसवल्यावर तिची ताकद भयंकर वाढली, पण ती ताकद पाय दाबल्यावर काही क्षण यायचीच नाही आणि मग एकदम यायची. अशी गाडी वळणावर चालवणे म्हणजे पिसाळलेल्या घोड्यावर बसणे. डोनोह्यू जर्मनीत जाऊन राहिले आणि तिथल्या इंजिनिअरांसह इंधनाचा पुरवठा पुन्हापुन्हा बदलत राहिले, शेवटी ती गाडी माणसाच्या ताब्यात आली. १९७२ मध्ये सराव करताना त्यांना अपघात झाला, गुडघ्याला मोठी इजा झाली. ज्या गाडीवर त्यांनी कष्ट घेतले होते ती दुसऱ्या चालकाने चालवली आणि विजेतेपदही त्यानेच नेले. पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, हजार अश्वशक्तीहून जास्त ताकदीची ९१७/३० घेऊन डोनोह्यूंनी कॅन-अ‍ॅम मालिकेतल्या आठपैकी सहा शर्यती जिंकल्या. एवढे झाल्यावर, १९७४ च्या फेब्रुवारीत, त्यांनी निवृत्ती घेतली.

निवृत्ती टिकली नाही. पेन्स्कींना युरोपातल्या फॉर्म्युला वन शर्यतींत उतरायचे होते आणि डोनोह्यू त्याच वर्षाअखेर पुन्हा गाडीत बसले. तेथे त्यांचे विशेष जमले नाही. १९७५ च्या हंगामात स्वीडन आणि इंग्लंडमध्ये पाचवा क्रमांक, एवढेच. ९ ऑगस्ट १९७५ रोजी अमेरिकेतील टॅलाडेगाच्या बंद वर्तुळाकार मार्गावर त्यांनी आपल्या जुन्या पोर्शेत ताशी २२१.१२० मैल, म्हणजे सुमारे ३५६ किलोमीटर, हा विक्रम केला. ज्यांचे पालक पीथमपूरला कामाला आहेत त्या मुलांनी तेथील नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा, २०२१ मध्ये खुला झालेला मार्ग पाहिला असेल. टॅलाडेगाचा मार्ग त्याच्या निम्म्याहूनही लहान, सव्वाचार किलोमीटरचा. त्यावर हा वेग!

त्यानंतर आठच दिवसांनी, १७ ऑगस्टला, ऑस्ट्रियाच्या शर्यतीआधीच्या सकाळच्या सरावात त्यांच्या गाडीचा टायर फुटला. गाडी वेगवान वळणावरून सरळ जाळीच्या कुंपणात शिरली. उडालेल्या तुकड्यांनी मार्गावरचा एक स्वयंसेवक दगावला. डोनोह्यू सुरुवातीला शुद्धीवर होते, बोलत होते, त्यामुळे सगळ्यांना हायसे वाटले. पण डोके दुखू लागले, ते वाढतच गेले. ग्राझ शहरातील रुग्णालयात त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. १९ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. वय अवघे अडतीस.

त्याच वर्षी, १९७५ मध्ये, त्यांचे आत्मकथन पुस्तकरूपाने निघाले होते. त्याचे नाव साधारण अन्याय्य आघाडी अशा अर्थाचे आहे. त्यात त्यांनी प्रत्येक गाडीचा इतिहास लिहिला आहे, काय चुकले, काय जमले, सगळा. अ‍ॅसिडचा हौद त्यात आहे. सेब्रिंगची ती दोन क्रमांकांची गोष्टही आहे. सेब्रिंगचा निकाल सात वर्षे कोणी उलटवला नव्हता. न लिहिते तर चालले असते. मुलांनो, यावर तुमचे मत काय, ते मला लेखी कळवा. ज्यांना ते बढाई वाटेल त्यांनी तसे लिहावे, ज्यांना कबुली वाटेल त्यांनी तसे. मी स्वतः पुष्कळ विचार केला आहे आणि माझा कल कबुलीकडे आहे, कारण युक्ती फिरवण्यात रमणारा माणूस ती आकड्यांसकट दुसऱ्याला शिकवून मोकळा होत नाही. पण विश्वस्त मंडळातील ज्या एक-दोन वडीलधाऱ्यांशी बोललो, त्यांना हे पटले नाही.

ती हलकी कॅमेरो पुढे विकली गेली. डोनोह्यू गेले तेव्हा त्यांचा मुलगा डेव्हिड आठ वर्षांचा होता. तोही शर्यतपटू झाला. २००९ मध्ये डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत, वडिलांच्या तेथील विजयानंतर बरोबर चाळीस वर्षांनी, डेव्हिडची गाडी ०.१६७ सेकंदांनी जिंकली.